मोटारीचा केबिन एअर फिल्टर: ऑस्ट्रेलियातील हवा आणि घरच्या घरी करता येणारी बदली

२१ नोव्हेंबर २०१६ हा सोमवार मेलबर्नमध्ये कडक उन्हाचा गेला. पारा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला होता. सायंकाळी, नोकरदार वर्ग घरी परतण्याच्या सुमारास, पश्चिमेकडून गडगडाटी वादळ शहरावर चालून आले. वादळाच्या अग्रभागी असलेल्या गार वाऱ्याने राय गवताचे पराग मोठ्या प्रमाणावर वस्त्यांमध्ये आणले आणि हजारो लोकांना श्वास घेणे अवघड झाले. या घटनेत दहा जणांचा मृत्यू झाला. ‘थंडरस्टॉर्म अस्थमा’ म्हणजे गडगडाटी वादळामुळे उद्भवणारा दमा. त्याचा जगातील आजवरचा सर्वांत भीषण प्रसंग म्हणून या सायंकाळीची नोंद आहे.

भारतीय वंशाच्या कुटुंबांसाठी या प्रसंगातील काही आकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २०१८ साली ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत श्वसनाच्या तक्रारी घेऊन आलेल्यांची संख्या नेहमीपेक्षा ३,३६५ने अधिक होती. प्रश्नावलीला उत्तरे दिलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्के आशियाई वा भारतीय वंशाचे होते. मेलबर्नच्या लोकसंख्येत हे प्रमाण २५ टक्के होते. मृत्यू पावलेल्या दहांपैकी सहा जण याच गटातील होते. आणखी एक बाब अशी की, डॉक्टरांनी दम्याचे निदान केलेले आणि तो आजार चालू असलेले रुग्ण केवळ २८ टक्के होते. आपल्याला दमा नाही, फक्त वसंतात शिंका येतात, असे समजणाऱ्या अनेकांवर ही वेळ आली.

घर, कार्यालय आणि मोटार ही महानगरातील नोकरदाराची तीन बंदिस्त ठिकाणे. यांपैकी मोटारीत हवा घेणाऱ्या मार्गावर एक कागदी पुठ्ठ्यासारखी दिसणारी चौकट बसवलेली असते. तीच केबिन एअर फिल्टर. भारतातील गॅरेजमध्ये तिला बहुधा ‘एसी फिल्टर’ म्हणतात. ही चौकट वेळेवर बदलणे हे मोटारीच्या देखभालीतील सर्वांत सोप्या कामांपैकी एक आहे. बहुतेक गाड्यांत त्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि हत्यारही लागत नाही. तरीही हे काम वर्षानुवर्षे राहून जाते, कारण फिल्टर नजरेआड असतो आणि तो तुंबला म्हणून गाडी बंद पडत नाही.

फिल्टर नेमके काय अडवतो

बाहेरची हवा पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून आत येते. तेथे एक झडप असते. ती उघडी असेल तर बाहेरची हवा घेतली जाते. बंद असेल तर गाडीतलीच हवा पुन्हा फिरवली जाते. त्यानंतर बहुतेक गाड्यांत हवा फिल्टरमधून पंख्याकडे, पंख्यातून वातानुकूलन यंत्राच्या थंड जाळीवर आणि मग डॅशबोर्डच्या झरोक्यांतून प्रवाशांपर्यंत पोहोचते. इंजिनाला हवा पुरवणारा एअर फिल्टर हा वेगळा भाग असून तो बॉनेटखाली असतो. खरेदी करताना या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

राय गवताचा अखंड परागकण साधारण ३० ते ४० मायक्रॉनचा, म्हणजे फिल्टरच्या दृष्टीने मोठा असतो. कोणताही सुस्थितीतील फिल्टर तो अडवतो. धोका निर्माण होतो तो परागकण फुटल्यावर. वादळातील आर्द्रतेने कण फुगून फुटतो आणि त्यातून सुमारे ७०० सूक्ष्म पिष्टकण बाहेर पडू शकतात. त्यांचा आकार ०.६ ते २.५ मायक्रॉन इतका असतो. अखंड पराग नाकातच अडकतो आणि शिंका आणतो. हे पिष्टकण मात्र फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जातात. परागज्वर, म्हणजेच ‘हे फीवर’ असलेल्या, पण दम्याचा पूर्वेतिहास नसलेल्या माणसांना त्या सायंकाळी त्रास का झाला, याचे प्रचलित स्पष्टीकरण हेच आहे.

वणव्याच्या धुराची गोष्टही अशीच आहे. त्यातील सर्वाधिक घातक भाग पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन वा त्याहून लहान कणांचा असतो. २०१९-२०च्या उन्हाळ्यात सिडनी, कॅनबेरा, मेलबर्न आणि लगतचे प्रदेश आठवडेच्या आठवडे धुराखाली होते. ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार पूर्व ऑस्ट्रेलियात त्या धुरामुळे ४१७ अतिरिक्त मृत्यू झाले आणि दम्यासाठी तातडीच्या विभागांत १,३०५ अतिरिक्त रुग्ण आले. याशिवाय अंतर्भागातून येणारी धूळ आहेच. २३ सप्टेंबर २००९ रोजी सकाळी सिडनीचे आकाश नारिंगी झालेले ज्यांनी पाहिले, त्यांना तिची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

तीन प्रकार आणि त्यांतील निवड

पहिला प्रकार साध्या कणरोधक फिल्टरचा. न विणलेल्या कृत्रिम तंतूंचे, घड्या घातलेले कापड असे त्याचे स्वरूप असते. अनेक फिल्टरांतील तंतूंवर निर्मितीच्या वेळीच स्थिरविद्युत भार दिलेला असतो. तंतूंमधील छिद्रांपेक्षा लहान असलेले कणही या भारामुळे खेचून धरले जातात.

दुसऱ्या प्रकारात या कापडाला सक्रिय कोळशाचा थर जोडलेला असतो. डिझेलचा वास, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड आणि धुरातील काही वायू हा थर शोषून घेतो. कापड करड्या वा काळ्या रंगाचे दिसते. रोज महामार्गावर किंवा बोगद्यांतून ये-जा करणाऱ्यांनी हाच प्रकार घ्यावा. कोळशाची शोषणक्षमता संपली तरी तो दिसायला पूर्वीसारखाच राहतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रकार अधिक घनदाट कापडाच्या, ‘अँटी-अ‍ॅलर्जन’, ‘एन९५’, ‘एन९९’ किंवा ‘हेपा’ असे शब्द वेष्टनावर मिरवणाऱ्या फिल्टरांचा. ‘एन९५’ व ‘एन९९’ या संज्ञा मूळ अमेरिकेतील मुखपट्ट्यांच्या चाचणीतील आहेत. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण अनुक्रमे ९५ व ९९ टक्के अडवणे असा त्यांचा अर्थ होतो. फिल्टरच्या बाबतीत ही अक्षरे कापडाविषयी सांगतात. ती चौकट गाडीतील खोबणीत किती घट्ट बसते याविषयी काहीच सांगत नाहीत. मुखपट्टी कितीही उत्तम असली तरी गालापाशी फट राहिली तर हवा तेथूनच जाते. फिल्टरचेही तसेच आहे.

केबिन फिल्टरची तपासणी करण्याची पद्धत आयएसओ १११५५ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. त्याचा पहिला भाग कणांसाठी आणि दुसरा वायूंसाठी आहे. वेष्टनावर या मानकाचा उल्लेख आणि कोणत्या आकाराचे किती कण अडतात याची माहिती असेल, तर ती ‘हेपा’सारख्या सैलपणे वापरल्या जाणाऱ्या शब्दापेक्षा अधिक उपयोगी समजावी. फिल्टर अतिघनदाट असल्यास पंख्यावर ताण येतो व झरोक्यांतील झोत मंदावतो, म्हणून गाडीच्या उत्पादकाने मान्य केलेल्या मापाबाहेर जाऊ नये. घरात कोणाला दमा किंवा तीव्र परागज्वर असल्यास तिसरा प्रकार, अन्यथा कोळशाचा थर असलेला दुसरा प्रकार, ही निवड बहुतेक कुटुंबांना पुरेशी ठरते.

खरेदीपूर्वी

रेपको, सुपरचीप ऑटो, ऑटोबार्न अशा दुकानांत केबिन फिल्टर मिळतात. सामान्य गाड्यांसाठी किंमत साधारणतः २० ते ६० डॉलरांच्या दरम्यान असते. दुकानांच्या संकेतस्थळावर गाडीचा नोंदणी क्रमांक, म्हणजे ‘रेगो’, आणि राज्य भरले की योग्य फिल्टर सुचवला जातो. तरीही गाडीच्या माहितीपुस्तिकेशी आणि शक्य असल्यास जुन्या फिल्टरच्या कडेवर छापलेल्या क्रमांकाशी तो पडताळून घ्यावा. एकाच नावाच्या गाडीची पिढी बदलली की फिल्टरचे माप बदलते. कधी कधी निर्मितीच्या महिन्यानुसारही फरक पडतो. काही गाड्यांत एकच चौकट असते, काहींत दोन तुकडे एकापाठोपाठ बसवायचे असतात. काही जुन्या व व्यावसायिक गाड्यांत फिल्टरची जागा असूनही कारखान्यातून फिल्टर बसवलेलाच नसतो. जुनी गाडी विकत घेतली असल्यास आत फिल्टर आहे का, हे पहिल्याच आठवड्यात उघडून पाहावे.

ग्लव्ह बॉक्समागील फिल्टर: क्रमवार कृती

ऑस्ट्रेलियातील रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुसंख्य जपानी व कोरियन गाड्यांत फिल्टर डाव्या बाजूच्या ग्लव्ह बॉक्समागे असतो. इंटरनेटवरील अनेक चित्रफिती अमेरिकेतील, म्हणजे डावीकडे चक्र असलेल्या गाड्यांच्या असतात. त्यांत दाखवलेली बाजू येथे उलट असू शकते. भारतातील चित्रफिती या बाबतीत अधिक जवळच्या ठरतात, कारण तेथेही चक्र उजवीकडेच असते.

१. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, इंजिन, वातानुकूलन व पंखा बंद करावा. किल्ली खिशात असताना आपोआप चालू होणारी यंत्रणा असल्यास किल्ली घरात ठेवावी. ज्यांना दमा वा अ‍ॅलर्जी आहे त्यांनी पी२ प्रतीची मुखपट्टी लावावी. अधिक बरे म्हणजे हे काम घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवावे. जुन्या फिल्टरवर पराग, बुरशी आणि क्वचित उंदरांची विष्ठाही असते.

२. ग्लव्ह बॉक्स पूर्ण रिकामा करावा. त्याच्या एका बाजूला तो हळू उघडावा म्हणून बसवलेला दोरीसारखा किंवा दांड्यासारखा भाग असतो. तो हलक्या हाताने खुंटीवरून बाजूला सरकवून काढावा.

३. ग्लव्ह बॉक्सच्या दोन्ही भिंती आतल्या बाजूस दाबाव्यात. अडकण सुटून तो खाली झुकतो. काही गाड्यांत तो खालच्या बिजागरीतून ओढून पूर्ण वेगळा करता येतो. थंडीत प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून जोर लावण्याआधी अडकण नेमके कोठे आहे ते टॉर्चच्या उजेडात पाहावे.

४. आत आडवे, अरुंद झाकण दिसते. त्याच्या कडेच्या पकडी दाबून ते बाहेर काढावे. काही गाड्यांत येथे एखादा स्क्रू असतो.

५. फिल्टर ओढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. कडेवरील बाण कोणत्या दिशेला आहे ते त्यात स्पष्ट यावे.

६. फिल्टर सावकाश, आडवा ठेवूनच बाहेर काढावा. तो तिरका झाला तर त्यावरची गमच्या झाडाची पाने व बिया खाली पंख्यात पडतात आणि पुढे पंखा खडखड करू लागतो. काढलेला फिल्टर लगेच पिशवीत घालून तोंड बांधावे.

७. रिकाम्या खोबणीत दिसणारा कचरा व्हॅक्यूमच्या अरुंद तोंडाने ओढून घ्यावा आणि कडा ओलसर फडक्याने पुसाव्यात. उंदरांच्या खुणा आढळल्यास व्हॅक्यूम न वापरता हातमोजे घालून, जंतुनाशकाने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावे.

८. नवा फिल्टर दिशा पाहून आत सरकवावा. तो कोठेही दुमडता वा चेपता कामा नये, आणि कडेची मऊ पट्टी चारही बाजूंनी टेकलेली असावी.

९. झाकण, ग्लव्ह बॉक्स आणि बाजूचा दांडा उलट क्रमाने बसवावा. गाडी सुरू करून पंखा मंदापासून पूर्ण वेगापर्यंत चालवून पाहावा. शिटीसारखा आवाज आला तर झाकण नीट बसलेले नाही. खडखड आली तर पंख्यात काहीतरी पडले आहे.

बाणाच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो. फिल्टरवर दोन निरनिराळ्या खुणा आढळतात. ‘अप’ असे लिहिलेला बाण फिल्टरची कोणती बाजू वर ठेवायची ते सांगतो. ‘एअर फ्लो’ असे लिहिलेला बाण हवा कोणत्या दिशेने वाहते ते सांगतो. ज्या गाड्यांत हवा वरून खाली वाहते, त्यांत पहिला बाण वर आणि दुसरा खाली दाखवतो. दोन्ही बरोबरच असतात. जुन्या फिल्टरवर ‘अप’ आणि नव्यावर ‘एअर फ्लो’ असेल तर केवळ बाण जुळवल्याने नवा फिल्टर उलटा बसतो. शंका आल्यास जुन्या फिल्टरची मळलेली बाजू पाहावी. पाने व धूळ ज्या बाजूला साचली आहे, तिकडून हवा येते.

इतर जागा

फोक्सवॅगन गोल्फच्या अनेक पिढ्यांत फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या खाली, पाय ठेवण्याच्या जागेतून वर बसवलेला असतो. टेस्ला मॉडेल ३ आणि मॉडेल वाय या गाड्यांत दोन फिल्टर असून ते पाय ठेवण्याच्या जागेतील बाजूच्या पटलामागे असतात. काही युरोपीय गाड्यांत फिल्टर बॉनेटखाली, पुढच्या काचेच्या तळाशी असतो. तेथे उन्हाने कडक झालेले प्लास्टिकचे आवरण काढावे लागते. ते परत बसवताना रबरी पट्टी जागच्या जागी आली नाही, तर पावसाचे पाणी थेट आत शिरते. अशा गाड्यांत पाने साफ करणे हेही काम तितकेच महत्त्वाचे असते.

एक मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळावी. पिवळ्या रंगाचे आवरण वा जोडणी असलेल्या तारा एअरबॅगच्या असतात. फिल्टरपर्यंत पोहोचण्यासाठी अशी जोडणी काढावी लागत असेल, किंवा ग्लव्ह बॉक्स अनेक बोल्टांनी जखडलेला असेल, तर ते काम कार्यशाळेकडे द्यावे.

वातानुकूलन यंत्रातील शीतवायूचा या कामाशी संबंध येत नाही. ऑस्ट्रेलियात शीतवायू हाताळण्यासाठी परवाना लागतो, आणि मोटारींच्या बाबतीत तो ऑस्ट्रेलियन रेफ्रिजरेशन कौन्सिलमार्फत दिला जातो. फिल्टर बदलण्यास तसा परवाना लागत नाही. नवा फिल्टर घालूनही हवा थंड येत नसेल, तर दोष अन्यत्र आहे आणि तो परवानाधारकालाच दाखवावा.

धुणे, झटकणे, हवा मारणे

जुना फिल्टर काढून त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि तोच पुन्हा बसवायचा, ही पद्धत भारतातील गॅरेजमध्ये अनेकांनी पाहिलेली आहे. त्याने वरची धूळ व पाने निघतात आणि झोतही सुधारतो. मात्र तंतूंत खोलवर अडकलेले सूक्ष्म कण निघत नाहीत, आणि जोरदार झोताने कापड फाटण्याची शक्यता असते. पाण्याने धुतल्यास तंतूंवरील विद्युतभार नाहीसा होऊ शकतो व कोळशाचा थरही खराब होतो. फिल्टर स्वच्छ दिसतो, पण पीएम २.५साठी जवळपास निरुपयोगी झालेला असतो. उत्पादकाने धुण्याजोगा असे स्पष्ट म्हटले नसेल, तर फिल्टर धुऊ नये.

याच कारणाने केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये. झोत मंद होणे, पंखा सुरू करताच कुबट वास येणे आणि हिवाळ्यात काचेवरची वाफ लवकर न जाणे, ही फिल्टर तुंबल्याची लक्षणे आहेत. नवा फिल्टर घालूनही वास राहिला तर थंड जाळीवर बुरशी असण्याचा संभव असतो. काढलेला फिल्टर ओला आढळला, तर काचेच्या तळाशी गळती वा निचऱ्याचा मार्ग तुंबलेला असू शकतो. केवळ फिल्टर बदलून ते प्रकरण मिटवू नये.

वापरलेला फिल्टर सामान्य कचऱ्याच्या डब्यात टाकावा. तंतू, गोंद आणि कोळसा एकत्र असल्याने पिवळ्या झाकणाच्या पुनर्वापराच्या डब्यात तो चालत नाही.

हमी, भाडेकरार आणि नोंद

स्वतः फिल्टर बदलल्याने गाडीची हमी रद्द होईल, अशी भीती अनेकांना वाटते. १ जानेवारी २०११पासून लागू असलेल्या ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉनुसार ग्राहकाला मिळणारे मूलभूत हक्क उत्पादकाच्या हमीपासून स्वतंत्र असतात आणि कोणत्याही कराराने ते काढून घेता येत नाहीत. तरीही योग्य मापाचा फिल्टर वापरावा, पावती जपून ठेवावी आणि सर्व्हिस पुस्तिकेत दिनांक व किलोमीटर लिहून ठेवावेत. चुकीच्या बसवणीमुळेच बिघाड झाला, तर त्याचा भार साहजिकच मालकावर येतो.

नोकरदारांमध्ये प्रचलित असलेल्या नोव्हेटेड लीजवर गाडी घेतली असल्यास देखभालीचा खर्च बहुधा करारात धरलेला असतो. अशा वेळी फिल्टर त्यात समाविष्ट आहे का आणि स्वतः आणलेल्या फिल्टरचा परतावा मिळतो का, हे विचारून घ्यावे. ठरावीक किमतीच्या सर्व्हिसमध्ये केबिन फिल्टर प्रत्येक वेळी बदलला जातोच असे नाही. सर्व्हिसच्या बिलात त्याचा स्वतंत्र उल्लेख आहे का, ते पाहावे.

फिल्टर पुरेसा कधी नसतो

फिल्टरमुळे वादळी दम्याच्या झटक्यापासून संरक्षण मिळेल, असे म्हणता येत नाही. खिडकी दोन बोटे उघडी असेल, तर उत्तमातला उत्तम फिल्टरही निरर्थक ठरतो. धूर दाटलेला असताना किंवा परागांचा इशारा असताना काचा पूर्ण बंद ठेवून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे. ज्या गाड्यांत फिल्टर झडपेच्या पुढे असतो, त्यांत आतली हवा पुन्हा पुन्हा गाळली जाऊन कणांचे प्रमाण लवकर घटते. ज्यांत फिल्टर केवळ बाहेरच्या हवेच्या मार्गावर असतो, त्यांत हा लाभ मिळत नाही. तेथे बटणाचा उपयोग बाहेरची हवा रोखण्यापुरताच होतो.

हे बटण अखंड चालू ठेवणेही योग्य नाही. चार माणसे बसलेल्या बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांतच वाढू लागतो आणि चालकाला जडपणा वा पेंग येऊ शकते. लांबच्या प्रवासात अधूनमधून थोडा वेळ बाहेरची हवा घ्यावी. अशा वेळी ती गाळण्याचे काम फिल्टरच करतो, म्हणून त्याची अवस्था महत्त्वाची ठरते. काही गाड्यांत काचेवरची वाफ घालवण्याचे बटण दाबताच बाहेरची हवा आपोआप सुरू होते, हेही लक्षात असावे.

व्हिक्टोरिया राज्यात २०१७पासून वादळी दम्याच्या धोक्याचा अंदाज दिला जातो. १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या गवताच्या परागांच्या हंगामात तो रोज प्रसिद्ध होतो. धोका ‘उच्च’ सांगितलेला असेल त्या दिवशी, विशेषतः वादळापूर्वीचा वारा सुटण्याच्या वेळी, प्रवास टाळणे सर्वांत चांगले. वसंतात शिंका येणाऱ्यांनी आपल्याला दमा आहे का, याविषयी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. औषधाचा पंप घरात जसा असतो, तसाच गाडीतून जातानाही बरोबर असावा. मात्र उन्हात उभ्या गाडीत तो सोडून जाऊ नये. श्वास घेणे अवघड झाल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून ००० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्णालयापर्यंत स्वतः गाडी चालवत जाण्याचे धाडस करू नये.

वर्षातील योग्य वेळ

अनेक उत्पादक १५,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर किंवा एक ते दोन वर्षांनी फिल्टर बदलण्यास सांगतात. धुळीच्या रस्त्यांवर हा काळ निम्म्यावर येऊ शकतो. ऑस्ट्रेलियात किलोमीटरइतकेच ऋतूकडेही पाहावे. मेलबर्न, कॅनबेरा आणि आग्नेयेकडील इतर भागांत सप्टेंबरअखेर बदललेला फिल्टर परागांच्या संपूर्ण हंगामात नवा राहतो आणि पुढे वणव्यांच्या महिन्यांतही कामी येतो. धुराचे दाट दिवस येऊन गेले, तर मुदतीची वाट न पाहता तो पुन्हा बदलावा. ब्रिस्बेन वा डार्विनसारख्या दमट ठिकाणी पावसाळी हंगाम संपताच बुरशीसाठी तपासणी करावी.

मराठी घरांना ही तारीख लक्षात ठेवणे अवघड नाही. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून तिची पूजा करण्याचा रिवाज परदेशातही टिकून आहे. दसरा बहुधा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे परागांचा हंगाम सुरू झाल्यावर येतो; गणेशोत्सव मात्र साधारणतः त्याआधी संपलेला असतो. गणपतीच्या विसर्जनानंतरच्या पहिल्या शनिवारी फिल्टर बदलावा, त्याच्या कडेवर पेनने दिनांक लिहावा आणि दसऱ्याला माळ घालताना पंखा एकदा पूर्ण वेगाने चालवून पाहावा. पुढच्या वर्षी ग्लव्ह बॉक्स उघडल्यावर फिल्टर केव्हा बदलला होता, हे त्या दिनांकावरूनच कळेल.